हजेरीपटावरची माणसं

दर महिन्याला पगारपत्रक हातात आलं की त्यात व्यवसाय कराचे 200 रुपये कापलेले दिसतात. फेब्रुवारीत 300. हा कर महाराष्ट्रात 1975 साली लागू झाला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हे फार थोड्यांना माहीत आहे. आणि या योजनेवर ज्यांनी घाम गाळला, ती माणसं तर त्याहून विसरली गेली आहेत.

1972चा दुष्काळ आपल्या आई-वडिलांच्या पिढीने पाहिला. मे 1973 मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख मजूर होते. खडी फोडणं, रस्ते, पाझर तलाव, नाल्यांवर बांध, शेतांची बांधबंदिस्ती अशी ही कामं. बायकांची संख्या मोठी होती. खायला सुकडी आणि परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकरी. याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पोहोचली, 1977 साली तिचा कायदा झाला. पुढे 2005 साली केंद्रानेही रोजगार हमीचा कायदा केला.

अमेरिकेतही असा काळ येऊन गेला. 1929 नंतरच्या महामंदीत लाखो तरुण बेकार झाले. 1933 साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यांच्यासाठी ‘सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर’ सुरू केली. छावणीत राहायचं, झाडं लावायची, वणवे विझवायचे, वाहून जाणारी माती अडवायची. पगार महिना 30 डॉलर. त्यातले साधारण 25 थेट घरी जात. 1942 पर्यंत सुमारे 30 लाख तरुणांनी मिळून 300 कोटींच्या आसपास झाडं लावली. आज तिथे ठिकठिकाणी त्यांची छोटी संग्रहालयं आहेत. काही तर स्वयंसेवकच चालवतात. गणवेश, अवजारं, छावणीचे फोटो, घरी लिहिलेली पत्रं असं सगळं तिथे जपलेलं असतं.

आपल्याकडे काय जपलं? शिळफाट्यावरून पुण्याकडे निघालं की बोरघाट लागतो. या घाटातली रेल्वे 1856 ते 1863 या काळात हजारो मजुरांनी डोंगर फोडून बांधली. किती तरी जण पटकीने दगावले. त्यांची नावं कुणाला सांगता येत नाहीत. लखनौचा बडा इमामबाडाही असाच. 1784च्या दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून नवाब आसफुद्दौला यांनी तो बांधायला घेतला. नवाबांचं नाव राहिलं, वास्तुकार किफायतुल्लाह यांचंही राहिलं. विटा वाहणाऱ्यांचं राहिलं नाही.

मुलांना उर्दू शिकवताना मी सांगते की फारसीत ‘मुज्द’ म्हणजे मोबदला, त्यावरून ‘मजदूर’, आणि मराठीत ‘मजूर’. ‘हजेरी’ हा शब्दही ‘हाजिर’वरून आला. 1972च्या मजुराची नोंद याच हजेरीपटावर होती. नाव, दिवस आणि अंगठा. त्या कागदावर त्याची भूक लिहिलेली नाही, आणि त्याने बांधलेल्या तलावावर त्याचं नाव नाही.

तेव्हा वीस वर्षांचे असलेले आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या कर्जत-खालापुरात पाऊस भरपूर, पण पोटासाठी घाटावरून इकडे आलेली घरं शिळफाट्याच्या आसपासही आहेत. त्या घरांत एखादी दादी, एखादे नाना अजून सांगू शकतील. संग्रहालयाला इमारत लागते, ऐकायला लागत नाही.

म्हणून या सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा. मोबाईलवर आवाज टिपून घ्या. कोणत्या गावच्या कामावर जायचात? सोबत कोण होतं? मजुरी किती आणि कधी मिळायची? 1972चा रमजान ऑक्टोबरात आला होता. रोजा ठेवून खडी फोडलीत का, इफ्तारला काय होतं? त्या काळचं रेशनकार्ड, घमेलं, छन्नी-हातोडा घरात असेल तर भंगारात देऊ नका. कुणाची ही वस्तू, कुठल्या कामावरची, एवढं कागदावर लिहून तिला बांधून ठेवा. तो पाझर तलाव अजून असेल, तर एकदा मुलांना नेऊन दाखवा आणि तो कुणी बांधला ते नावानिशी सांगा.