चार डबे गहू आणि लोंब्यांची जुडी

ट्रॉम्बे हे नाव शेतकरी घराला नवे नाही. सुफला खताच्या पोत्याबरोबर ते बांधावर आले, आणि १९९१ साली प्रसारित झालेल्या टीएजी-२४ या भुईमुगाच्या वाणाबरोबर ते थेट शेतात उतरले. या नावातला 'टी' ट्रॉम्बेचा आणि 'ए' अकोल्याचा. भुईमुगाच्या बियाण्याच्या निमित्ताने मीही तेथे जाऊन आलो आहे. पण आज मी लिहिणार आहे ते वाणाबद्दल नव्हे. त्याच ट्रॉम्बेच्या परिसरात मुलांना धर्म शिकविण्याचे एक प्रात्यक्षिक मी पाहिले, थोडे हातानेही केले, त्याची हकीगत सांगावयाची आहे.

माझी थोरली मुलगी लग्न होऊन चेंबूरला गेली. तिच्याकडे जाणे-येणे असते. शेजारी एक ईस्ट इंडियन कुटुंब राहते. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, वसई या पट्ट्यातले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती लोक. पोर्तुगीज अमलात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. १८८७ साली त्यांनी आपल्या समाजाला 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी असले तरी माणसे इथल्या मातीतली. कोणी भात पिकवी, कोणी ताडी काढी, कोणी मासेमारी करी. आता चेंबूर-ट्रॉम्बे पट्ट्यात रिफायनरी आहे, खत कारखाना आहे, अणुसंशोधन केंद्र आहे, आणि त्यांच्यामध्ये दाटीने इमारती आहेत. भाताचे खाचर मात्र शोधून सापडणे कठीण.

या शेजारच्या घरातील बाई दर रविवारी मिस्सानंतर चर्चच्या आवारात मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतात. एकदा त्या मला म्हणाल्या, "काका, तुम्ही शेतीवाले ना? मग माझी एक अडचण सोडवा. मुलांना पेरणाऱ्याचा दाखला तोंडपाठ आहे. पण परवा एकाने विचारलं, टीचर, गहू झाडाला लागतो की जमिनीत असतो, बटाट्यासारखा? आता सांगा, त्याला दाखला काय कळला असेल?"

मला हसू आले नाही. येशू ख्रिस्ताने सांगितलेले दाखले बहुतेक शेतकऱ्याच्या, मेंढपाळाच्या, कोळ्याच्या घरचे आहेत. मोहरीचा दाणा, द्राक्षाचा मळा, पिकात उगवलेले निदण, पिठातले खमीर, मीठ. ऐकणारे लोक ते रोज हाताळीत होते म्हणून त्यांना ते लगेच उमगले. आज मुलाच्या हाती दाणाच नाही आणि शब्द तेवढे आहेत. अशा वेळी जे व्हावयाचे तेच होते : मूल पाठ करते, बक्षीस मिळविते आणि विसरते.

चार डबे

विस्तार कार्यात आम्ही एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकतो. शेतकऱ्याला सांगू नका, करून दाखवा. आणि जमल्यास त्याच्याच हाताने करवून घ्या. तोच नियम येथे लावू, असे मी बाईंना सुचविले. सप्टेंबरचा महिना होता. गोडे तेलाचे चार रिकामे पत्र्याचे डबे आडवे कापून घेतले. पहिल्यात माती भरून ती मुलांच्या पायांनी तुडवून घट्ट केली, ही पायवाट. दुसऱ्यात खाली दगडगोटे आणि वर बोटभर माती. ही खडकाळ जमीन. तिसऱ्यात लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या पुरल्या. ही तणाची जमीन. चौथ्यात चाळलेली माती, निम्मे कुजलेले शेणखत. ही चांगली जमीन. प्रत्येक मुलाने मूठभर गहू घेतला आणि पेरला. पायवाटेवरचा गहू दुसऱ्या दिवशीच चिमण्या-कावळ्यांनी उचलला. मुले ते पाहून ओरडली, "टीचर, बायबलमधल्यासारखंच झालं!" बाईंचा चेहरा खुलला.

पुढच्या रविवारी मात्र तो पडला. खडकाळ डब्यातला गहू टरारून वर आला होता. तणाच्या डब्यातही हिरवे दिसत होते. आणि चांगल्या जमिनीच्या डब्यात काही नाही. मातीवर पाणी साचलेले, वास येऊ लागलेला.

मुले येण्यास अर्धा तास होता. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मुलीकडे कुंडीत गहू उगवलेला असेल तर तो यात लावू या का? नाहीतर मुलांना वाटेल, प्रभूचा शब्दच खोटा."

वाचकहो, खरे सांगतो, मीही क्षणभर तसाच विचार केला. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझा एक प्रात्यक्षिक प्लॉट पावसाने बसला होता, आणि पाहुणे यावयाचे म्हणून मी शेजारच्या चांगल्या पिकात पाटी रोवली होती. ज्या शेतकऱ्याचा तो प्लॉट होता तो सर्वांसमोर काही बोलला नाही. पण त्यानंतर दोन वर्षे त्याने माझे काही ऐकले नाही. ते मला आठवले. मी बाईंना म्हणालो, "डबा बदलू नका. मुलांनाच उकरू द्या."

मुलांनी उकरले. दाणे फुगून कुजले होते. मी विचारले, "या डब्याला पाणी कोणी घातले?" एकेक हात वर झाला. अकरा मुले, अकरा हात! हा चांगला डबा म्हणून शाळेला जाता-येता प्रत्येकाने प्रेमाने पाणी घातले होते. डब्याला खाली भोक पाडावयाचे मीच विसरलो होतो. तेही मी कबूल केले. बी रुजण्यास ओल लागते तशी हवाही लागते. पाणी साचले की मातीतली हवा जाते आणि दाणा गुदमरतो.

एक आठ-नऊ वर्षांची मुलगी म्हणाली, "म्हणजे जमीन चांगली होती, आम्हीच तिला बुडवलं."

बाईंनी ते वाक्य उचलले आणि त्या दिवशीचा सगळा पाठ त्यावरच घेतला. माणसाच्या मनात बी चांगले पडले, मनही चांगले असले, तरी राखण करणाऱ्याने अतिरेक केला तर काय होते यावर मुले बोलली. एकाने घरी रोज होणाऱ्या बोलण्यांची गोष्ट सांगितली, ती येथे लिहिण्याची नाही. डब्याला खिळ्याने भोके पाडून गहू पुन्हा पेरला, पाणी घालण्याच्या पाळ्या लावल्या. तोवर खडकाळ डब्यातली रोपे माना टाकू लागली होती आणि लव्हाळ्याने गव्हाला गाठले होते. चांगल्या डब्यातला गहू सहाव्या दिवशी दिसला. तो दाखला ही मुले आता जन्मात विसरणार नाहीत.

पाठांतर सोडावे काय?

एक पालक मात्र नाराज होते. ते म्हणाले, "हा खेळ झाला. प्रार्थना कधी पाठ होणार? आमच्या वेळी दौत्रिन चुकली की छडी मिळायची, म्हणून आजही तोंडपाठ आहे." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मी वारकरी घरात वाढलो. हरिपाठ अर्थ कळण्याच्या आधी पाठ झाला, आणि पुढे अडीअडचणीला तोच कामी आला. पाठांतर म्हणजे कणगीत साठविलेले बी. पण बी कणगीतच राहिले तर पीक येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यास आले, येथेच राहिले, मराठी शिकले, आणि त्यांनी ओवीछंदात ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याच्या आरंभी एक प्रसंग आहे. गोव्यातील साष्टीच्या एका देवळात रविवारी मुलांना दौत्रिन, म्हणजे प्रश्नोत्तरांतून धर्म, शिकविली जात आहे. तेथे एक स्थानिक गृहस्थ पाद्रीबाबांना म्हणतात की हे चांगले आहे, पण आमच्या जुन्या पुराणांसारखे काही आमच्या भाषेत असते तर अधिक बरे झाले असते. त्यातून पुराण झाले. चारशे वर्षांपूर्वीही नुसती प्रश्नोत्तरे पुरी पडत नव्हती. लोकांना आपल्या ओळखीचे रूप हवे होते.

मारिया माँटेसोरी या इटालियन विदुषींनी १९१५ च्या सुमारास स्पेनमधील बार्सिलोना येथे आपल्या शाळेच्या मुलांकडून गहू पेरून घेतला आणि द्राक्षवेली लावल्या. ख्रिस्ती उपासनेत भाकर व द्राक्षारस असतो. तो कोठून येतो हे मुलांनी स्वतः राबून जाणावे, हा हेतू. याच बाई १९३९ साली भारतात आल्या आणि महायुद्धाची वर्षे येथे राहिल्या. त्यांच्या पद्धतीला आपल्या खेड्याचे रूप देण्याचे काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे कोसबाडला केले. पाने, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचे साहित्य. तेव्हा हाताने शिकणे ही शहरी टूम नव्हे.

आगेऱ्याची जुडी

ईस्ट इंडियन समाजाजवळ तर हाताने शिकविणारा सण पूर्वापार आहे. त्याचे नाव आगेरा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या कापून वाजत-गाजत चर्चमध्ये आणतात. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि नवे दाणे घरोघर वाटले जातात. आपल्याकडे कोकणात दाराला 'नवं' बांधतात, नवान्न करतात, त्याचाच हा भाऊ. पीक आपल्या कष्टाचे, पण देणारा वेगळा, हे त्यात मुलाला न सांगता कळे. आता मुंबईत शेते गेली. पुष्कळ ठिकाणी लोंब्या बाहेरगावाहून आणाव्या लागतात. मुलाच्या दृष्टीने जुडी बाजारातून येते, फुलांच्या हारासारखी.

म्हणून दुसऱ्या वर्षी जूनमध्येच आम्ही तयारी केली. तीन जुन्या प्लॅस्टिकच्या बादल्या, तळाशी चिखल, हळव्या जातीचे भात. रोपे मुलांनी लावली. गुडघाभर चिखल नव्हता, पण कोपरापर्यंत होता! बादल्यांत पाणी साचलेलेच ठेवावयाचे म्हटल्यावर ती मुलगी लगेच म्हणाली, "मग गहू कसा बुडाला?" उत्तम प्रश्न. भाताच्या दांड्यातून हवा मुळांपर्यंत पोचते, गव्हाला तशी सोय नाही. प्रत्येकाची प्रकृती वेगळी, हे शिक्षकानेही ध्यानात ठेवावे.

लोंब्या निसवल्यावर चिमण्यांनी निम्म्या नेल्या. उरल्या सतरा. आगेऱ्याच्या आदल्या दिवशी मुलांनी त्या विळ्याने कापल्या आणि एका लोंबीचे दाणे मोजले : एकशे बारा. "शंभरपट म्हणजे एवढं?" असे म्हणून ती दाण्यांच्या ढिगाकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी वसईकडून आणलेल्या भरगच्च जुडीशेजारी ही सतरा लोंब्यांची बारीक जुडी ठेवली गेली. नाराज पालक तेथे होते. त्यांनी आपल्या मुलाला विचारले, "यातली तुझी कुठली?" त्याने दाखविली. ते काही बोलले नाहीत, पण वाटलेल्या दाण्यांतले चार त्यांनी कागदात बांधून खिशात ठेवले, हे मी पाहिले.

आपल्या घरी

नगर, जालना, वसई या भागांत पुष्कळ ख्रिस्ती शेतकरी घरे आहेत. त्यांना बादलीची गरज नाही. शेतच दाराशी आहे. तरीही रविवारचा पाठ चार भिंतींतच होतो. त्यांच्यासाठी काही सूचना :

१. पेरणाऱ्याचा दाखला पेरणीच्या दिवशी बांधावर सांगावा. वाट, खडक, तण, काळी माती, चारही जवळ असतात.

२. खमिराचा दाखला स्वयंपाकघरात. ईस्ट इंडियन घरी फुगे करतात, त्याचे पीठ पूर्वी ताडीने फुगवीत. आपल्याकडे इडलीचे पीठ चालेल. रात्री भांड्यावर खूण करावी, सकाळी मुलाला दाखवावे.

३. मिठाच्या दाखल्यासाठी परातीत मिठाचे पाणी उन्हात ठेवावे. पाणी जाते, मीठ राहते. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, हेही सांगता येईल. खाडीचे पाणी मात्र हल्ली मुलांच्या हाती देऊ नये.

४. नाताळच्या गोठ्यासाठी आठ-दहा दिवस आधी वाटीत गहू किंवा नाचणी पेरावी. हिरवळ विकत आणू नये.

५. प्रयोग फसला तर झाकू नये. मुलांबरोबर उकरून पाहावे.

६. पाठांतर सोडू नये. पण आधी हाताला काम, मग जिभेला शब्द.

या सूचना फक्त ख्रिस्ती घरांपुरत्या आहेत असे मला वाटत नाही. अरणच्या सावता माळ्यांना विठ्ठल मळ्यातच भेटला, हे आपण कीर्तनात ऐकतो. पण ते ऐकणाऱ्या आपल्या नातवाला मळ्यात नेऊन मिरचीचे एक रोप लावू देतो काय? श्रद्धा कोणतीही असो, ती मुलाला द्यावयाची तर आधी त्याच्या हाताला मातीची ओळख हवी.

गेल्या खेपेला चेंबूरला गेलो तेव्हा ती मुलगी जिन्यात भेटली. म्हणाली, "अंकल, यंदा बादल्या पाच करायच्या. आणि चिमण्यांसाठी एक वेगळी."