युद्ध आणि तह (भाग ६) : बंद दाराआडची बोलणी

गेल्या आठवड्यात आपण १९६८च्या तेत हल्ल्यापर्यंत आलो होतो. त्या हल्ल्याने अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं राजकारण संपवलं आणि मे महिन्यात पॅरिसमध्ये क्लेबेर मार्गावर उत्तर व्हिएतनामशी उघड बोलणी सुरू झाली. तिथे टेबल कोणत्या आकाराचं असावं यावरच कित्येक आठवडे घोडं अडलं होतं. खरी बोलणी झाली ती दुसरीकडे, आणि ती कोणत्या किमतीला झाली हे आज पाहू.

जानेवारी १९६९मध्ये रिचर्ड निक्सन अध्यक्ष झाले तेव्हा व्हिएतनाममध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. हे युद्ध रणांगणावर जिंकता येणार नाही, हे निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर दोघांनाही कळून चुकलं होतं. पण मित्राला, म्हणजे सैगॉनच्या दक्षिण व्हिएतनामी सरकारला, वाऱ्यावर सोडून पळ काढला असं दिसताही कामा नये. त्यांनी काढलेली वाट अशी : एकीकडे सैन्य टप्प्याटप्प्याने मायदेशी आणायचं, दुसरीकडे हनोईवर, म्हणजे उत्तर व्हिएतनामवर, असा घाव घालायचा किंवा घालण्याची अशी भीती दाखवायची की ते गुपचूप तडजोडीला तयार होतील.

या आखणीत पहिल्या दिवसापासून एक भेग होती. जो सैन्य मागे घेतो आहे, त्याच्या धमकीला दर महिन्याला कमी धार उरते. हनोईला फक्त तग धरायचा होता.

१८ मार्च १९६९ला बी-५२ विमानांनी कंबोडियातल्या उत्तर व्हिएतनामी तळांवर बॉम्बफेक सुरू केली. चौदा महिन्यांत ३,८००हून अधिक फेऱ्या झाल्या. वैमानिकांच्या अहवालांत ठिकाणं बदलून लिहिली गेली, म्हणजे कागदोपत्री बॉम्ब दक्षिण व्हिएतनाममध्येच पडत होते. ज्यांच्या अंगावर ते पडत होते त्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. हनोईने बोंब मारली नाही, कारण कंबोडियात आपलं सैन्य आहे हेच ते मान्य करत नव्हते. अंधारात राहिली ती अमेरिकी जनता आणि तिची काँग्रेस. हे गुपित शत्रूपासून नव्हतं, स्वतःच्या मतदारांपासून होतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथेच आहे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात निक्सन यांनी हनोईला खासगीरीत्या मुदत दिली : १ नोव्हेंबरपर्यंत बोलणी पुढे सरकली नाहीत तर फार कठोर पावलं उचलू. प्रचंड हल्ल्याचे आराखडेही तयार झाले. पण १५ ऑक्टोबरला अमेरिकेतल्या गावोगावी लाखो माणसं युद्धाविरुद्ध रस्त्यावर उतरली. या धमकीची देशात कोणालाच कल्पना नव्हती, मग तिच्यामागे जनमत उभं राहणार कुठून? निक्सन यांनी हल्ला रद्द केला. त्याऐवजी महिनाअखेरीस अण्वस्त्रं लादलेली बी-५२ विमानं अलास्काच्या बाजूने उडवली गेली. हा माणूस काहीही करू शकतो, असं मॉस्कोला वाटावं आणि मॉस्कोने हनोईला आवरावं, हा हेतू होता. मॉस्को हललं नाही. १ नोव्हेंबर आला आणि गेला.

गुप्त बोलणी मात्र सुरू झाली होती. ऑगस्ट १९६९मध्ये पॅरिसला रिव्होली रस्त्यावरच्या एका घरात किसिंजर पहिल्यांदा हनोईच्या श्वान थुई यांना भेटले. २१ फेब्रुवारी १९७० पासून समोर आले ले डुक थो, पॉलिटब्युरोचे सदस्य. तरुणपणातली कित्येक वर्षं त्यांनी फ्रेंचांच्या तुरुंगात काढली होती. भेटीची जागा होती पॅरिसच्या दक्षिणेकडच्या श्वाझी-ल-र्वा या कामगारवस्तीच्या उपनगरातलं एक साधं घर. किसिंजर यांना तिथवर कुणाच्या नजरेस न पडता पोहोचवायला फ्रान्सचे अध्यक्ष पाँपिदू यांनी आपलं विमान दिलं. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम रॉजर्स यांनाही बराच काळ या भेटींचा थांगपत्ता नव्हता.

त्या पहिल्याच भेटीत थो यांनी विचारलेला प्रश्न किसिंजर यांनी स्वतः पुढे नोंदवला आहे. तुमचे पाच लाख सैनिक आणि सैगॉनचं सैन्य मिळून तुम्ही जिंकला नाहीत, तर एकट्या सैगॉनच्या सैन्याच्या बळावर कसे जिंकाल? हाच प्रश्न आपल्यालाही छळत होता, अशी कबुली किसिंजर देतात. तरी एप्रिल १९७०मध्ये अमेरिकी फौजा कंबोडियात घुसल्या, ४ मे रोजी ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठात गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले, आणि पॅरिसमधल्या टेबलावर काहीच बदललं नाही. बदललं ते वर्षभरानंतर, मे १९७१मध्ये, आणि तेही अमेरिकेकडून. उत्तर व्हिएतनामनेही आपलं सैन्य दक्षिणेतून काढावं, ही मागणी किसिंजर यांनी गुपचूप सोडली. सैगॉनच्या दृष्टीने याहून मोठी मागणी नव्हती.

दरम्यान निक्सन हनोईपासून तिचे पाठीराखे, चीन आणि सोव्हिएत संघ, तोडू पाहत होते. जुलै १९७१मध्ये किसिंजर दिल्लीला आले, इथून रावळपिंडीला गेले आणि पोटदुखीचं निमित्त करून तिथून पेकिंगला. मधला निरोप्या होता पाकिस्तानचा अध्यक्ष याह्या खान, ज्याचं सैन्य त्याच दिवसांत पूर्व बंगालमध्ये कत्तल करत होतं. हा गुप्त दरवाजा उघडा राहावा म्हणून वॉशिंग्टनने ढाक्याकडे पाठ फिरवली. त्याची झळ आपल्या सीमेवर लाखो निर्वासितांच्या रूपाने पोहोचली.

१९७२चं वर्ष बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण त्या वर्षी रणांगण आणि टेबल एकाच दोरीने बांधल्यासारखे हलत होते. ३० मार्चला हनोईने रणगाडे घेऊन दक्षिणेवर चढाई केली. १ मे रोजी क्वांग त्री शहर पडलं. दुसऱ्याच दिवशी किसिंजर थो यांना भेटले तेव्हा थो यांनी एक इंचही जागा सोडली नाही. जिंकणाऱ्याने का सोडावी? ८ मे रोजी निक्सन यांनी हायफाँग बंदरात सुरुंग पेरण्याचा आणि उत्तरेवर मोठी बॉम्बफेक करण्याचा हुकूम जाहीर केला. मॉस्कोची शिखर परिषद तोंडावर होती, ती मोडेल अशी भीती होती. सोव्हिएत नेत्यांनी ती मोडली नाही. आपले दोन्ही मित्र आपल्यासाठी अमेरिकेशी वैर पत्करणार नाहीत, हे हनोईला तेव्हा उमगलं. सप्टेंबरमध्ये सैगॉनच्या सैन्याने क्वांग त्रीचे उरलेसुरले अवशेष परत घेतले. ८ ऑक्टोबरला पॅरिसजवळच्या जीफ-सुर-इव्हेत इथे थो यांनी नवा मसुदा पुढे ठेवला. सैगॉनचे अध्यक्ष न्गुएन व्हान थिउ यांना आधी हटवा, ही चार वर्षांची अट त्यात नव्हती.

लष्करी दबावाने काहीच साधत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा महिना डोळ्यांआड करू नये. दबाव फळला. पण किसिंजर यांनी दीड वर्षापूर्वीच दिलेली सवलतही फळली होती, हेही तितकंच खरं. दोन्ही बाजू आपापल्या मुख्य मागणीवरून खाली उतरल्या तेव्हा मसुदा झाला. हनोईनेही यात दक्षिणेतल्या आपल्याच साथीदारांना दुखावलं, कारण सैगॉनच्या तुरुंगांत सडणाऱ्या हजारो राजकीय कैद्यांची सुटका पुढच्या बोलण्यांवर ढकलण्यात आली.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात किसिंजर तो मसुदा घेऊन सैगॉनला गेले. ज्या देशाच्या जगण्यामरण्याचा हा करार, त्या देशाच्या अध्यक्षांच्या हाती तो इंग्रजीत ठेवण्यात आला. थिउ यांचे सहायक न्गुएन तिएन हुंग यांनी पुढे लिहिलं की शत्रूकडून हस्तगत केलेल्या कागदांतून थिउ यांना त्यातल्या अटींचा आधीच सुगावा लागला होता. उत्तरेचं सैन्य दक्षिणेतच राहणार, हे वाचून त्यांनी सही करायला साफ नकार दिला. मला थिउ यांच्या कारभाराबद्दल आस्था नाही, पण त्या दिवशीचा त्यांचा संताप न्याय्य होता. २६ ऑक्टोबरला हनोईने मसुदा रेडिओवरून जगजाहीर केला. त्याच दिवशी शांतता हाताच्या अंतरावर आहे, असं किसिंजर वॉशिंग्टनमध्ये म्हणाले.

पुढे थिउ यांच्या वतीने ६९ दुरुस्त्या मांडल्या गेल्या, हनोईनेही आपल्या काही सवलती मागे घेतल्या आणि १३ डिसेंबरला बोलणी फिसकटली. १८ डिसेंबरपासून नाताळचा दिवस वगळून अकरा दिवस बी-५२ विमानांनी हनोई आणि हायफाँग भाजून काढलं. बाख माई रुग्णालयावर बॉम्ब पडले, खाम थिएन रस्त्यावरची घरंच्या घरं बेचिराख झाली. व्हिएतनामी नोंदीनुसार या दोन शहरांत १,६२४ नागरिक मेले. अमेरिकेची पंधरा बी-५२ विमानं पडली.

२७ जानेवारी १९७३ला करारावर सह्या झाल्या. किरकोळ फेरफार सोडले तर तो ऑक्टोबरचाच मसुदा होता. उत्तरेचं सैन्य जिथे होतं तिथेच राहिलं. म्हणून या बॉम्बफेकीचा खरा श्रोता हनोई नव्हे, सैगॉन होतं, असं मला वाटतं. करार मोडला गेला तर आम्ही असे धावून येऊ, हे थिउ यांना दाखवायचं होतं. त्यासाठी खाम थिएनमधली माणसं मेली. हा हिशेब कोणत्याही राजनीतीच्या पुस्तकाने मला पटवून दिलेला नाही. नोबेल समितीने त्या वर्षीचा शांतता पुरस्कार दोघांना दिला. किसिंजर यांनी तो घेतला, आपल्या देशात अजून शांतता आलेली नाही म्हणून थो यांनी नाकारला.

आणि ते धावून येण्याचं वचन? निक्सन यांनी ते नोव्हेंबर १९७२ आणि जानेवारी १९७३मध्ये थिउ यांना पत्रांतून लेखी दिलं होतं. पूर्ण ताकदीनिशी उत्तर देऊ, असा त्याचा आशय होता. पण वचन पाळायला लागणारा पैसा आणि परवानगी काँग्रेसच्या हातात, आणि काँग्रेसला ही पत्रंच दाखवलेली नव्हती. काँग्रेसने १५ ऑगस्ट १९७३पासून हिंदचीनमधली सगळी अमेरिकी लष्करी कारवाई कायद्याने बंद केली. कंबोडियातली लपवलेली बॉम्बफेकही त्याच वर्षी उघडकीला आली आणि व्हाइट हाउसवरचा उरलासुरला विश्वास उडाला. निक्सन अध्यक्ष असताना वीस हजारांहून अधिक अमेरिकी सैनिक आणि त्यांच्या कित्येक पट व्हिएतनामी माणसं मेली होती. थिउ यांना आलेली ती पत्रं एप्रिल १९७५मध्ये वॉशिंग्टनला न्गुएन तिएन हुंग यांनीच वार्ताहरांसमोर ठेवली, आणि ३० एप्रिलला उत्तरेचे रणगाडे सैगॉनच्या अध्यक्षीय प्रासादात शिरले.