अग्नीविना अग्निबाण

दिल्लीतील सरोजिनी नगरच्या जुन्या सरकारी वसाहतीत आम्ही राहत होतो, तेव्हा कन्येने अग्निबाण करण्याचा हट्ट धरला. भोवती दाट वस्ती, जवळच सफदरजंग विमानतळ. तेथे दारूचा अग्निबाण उडविणे अर्थातच शक्य नव्हते. अखेर शीतपेयाची दोन लिटरची बाटली, पुठ्ठ्याचे तीन पंख आणि सायकलचा पंप एवढ्यावर भागविले. बाटलीत एक तृतीयांश पाणी घ्यावयाचे व बुचातून हवा भरावयाची. दाब वाढून बूच सुटताच पाणी वेगाने खाली फेकले जाते आणि बाटली वर झेपावते. १९६७ साली थुंब्याहून उडालेल्या ‘रोहिणी-७५’ या पहिल्या स्वदेशी अग्निबाणाचे तत्त्वही हेच. त्याचा व्यास अवघा ७५ मिलिमीटर. आमची बाटली त्याहून जाड, याचा कन्येस कोण अभिमान!

सुटीत गावच्या माळावर पहिले उड्डाण झाले. बाटली कोलांट्या खात बाभळीत अडकली. कन्येच्या डोळ्यांत पाणी आले. दोष वजनाच्या मांडणीत होता. गुरुत्वमध्य पंखांपासून दूर, टोकाकडे असावा लागतो. टोकात लिंबाएवढा शाडू बसविला. रिकाम्या बाटलीला तोल साधेल तेथे दोरी बांधून ती डोक्याभोवती फिरविली. टोक पुढेच राहिले. दुसऱ्या खेपेस बाटली सरळ वर गेली. आम्ही दोघे चिंब भिजलो, आणि ती खाली येण्यापूर्वीच कन्या पाणी आणावयास विहिरीकडे धावली.