रडलं की गुलाबी, गप्प झालं की निळं

नवजात बाळ रडताना छान गुलाबी दिसतं, पण गप्प होऊन दूध ओढू लागलं की ओठ निळे पडतात. असं झालं की डॉक्टरांना पहिली शंका येते ती नाकाच्या मागच्या दाराची. नाक घशात जिथे उघडतं तिथे जन्मतःच हाडाचा किंवा पडद्याचा अडसर राहून गेलेला असतो. याला ‘कोएनल अट्रेसिया’ म्हणतात. साधारण 5 ते 8 हजार जन्मांत असं एखादं बाळ सापडतं. मुलींचं प्रमाण जास्त.

तान्ही बाळं सुरुवातीला मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. दोन्ही बाजू बंद असतील तर तोंडात नळी बसवून श्वासाची वाट आधी मोकळी करावी लागते. नाकातून बारीक मऊ नळी सरकवून पाहतात. ती 3-4 सेंटीमीटरवर अडली की संशय बळावतो. खात्री सीटी स्कॅनने. सोबत हृदय, डोळे, कानही तपासतात, कारण दोष कधीकधी जोडीने येतात. इलाज शस्त्रक्रियेचाच, हल्ली बहुधा नाकातूनच दुर्बिणीने. वाट पुन्हा आकसू शकते, म्हणून फेरतपासण्या चुकवू नयेत.

एकच बाजू बंद असेल तर मात्र वर्षानुवर्षं ‘सारखी सर्दी’ म्हणून औषधं चालू राहतात. नाकात तेल सोडण्याची घरगुती रीत इथे निरुपयोगी, शिवाय धोक्याची. तेल फुफ्फुसात उतरू शकतं. मुलाची एकच नाकपुडी सतत घट्ट शेंबडाने भरत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. कधीकधी तिथे अडकलेला मणी किंवा शेंगदाणाही निघतो!