दाबून उपयोग नाही

तुर्भ्याच्या बाजार समितीत पहाटे कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोर उभं राहिलं की मोबाइलवर बोट आपटणारी माणसं हमखास दिसतात. गोणी उतरवली, चहावाल्याचा क्यूआर कोड स्कॅन केला आणि पिनचा एक आकडा काही केल्या उमटेना. मग अंगठा जोरात, मग आणखी जोरात. शेवटी ‘जरा तू दाब रे’ म्हणत फोन शेजाऱ्याच्या हातात. अशाने पिन गाळाभर होतो, ते वेगळंच.

आताच्या फोनच्या काचेला जोर कळत नाही. काचेखाली विद्युतवाहक पदार्थाची डोळ्यांना न दिसणारी उभी-आडवी जाळी असते. बोट जवळ आलं की तिथला थोडासा विद्युतभार शरीराकडे ओढला जातो. आतली चिप सेकंदाला शंभराहून अधिक वेळा ही जाळी तपासत असते. जो फरक तिला टिपायचा असतो तो साधारण एका पिकोफॅरडचा किंवा त्याहूनही कमी. पिकोफॅरड म्हणजे फॅरडचा लाख कोटीवा भाग! एवढ्याशा फरकाला स्पर्श मानायचं की नाही, यासाठी चिपने एक उंबरठा ठरवलेला असतो. माथाडी कामगाराच्या बोटावरची कातडी घट्टे पडून जाड आणि कोरडी झालेली असते. त्यामुळे बोटाची ओलसर, वाहक बाजू काचेपासून लांब राहते आणि फरक उंबरठ्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी बोटाचं टोक खुपसण्यापेक्षा पेराचा मऊ, सपाट भाग टेकवावा. बोटावर तोंडाची वाफ सोडली तरी काम होतं.

बोटाने पडदा चालवण्याची ही कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी ती 1965 मध्ये मांडली, विमान वाहतूक नियंत्रकांचं काम सोपं व्हावं म्हणून. आपल्याकडे मात्र अनेकांनी आधी हाताळला तो दाबाचा पडदा. 2008 च्या नोकिया 5800 वर नखाने किंवा सोबतच्या काडीने टोचावं लागे, कारण तिथे दोन थर खरोखर एकमेकांना टेकायचे. 2007 च्या आयफोनपासून भाराचा पडदा सगळीकडे पसरला. तंत्र बदललं, दाबायची सवय तेवढी मागे राहिली.

जोर लावण्याऐवजी पडद्याची सेन्सिटिव्हिटी वाढवता येते, म्हणजे चिपचा तो उंबरठा खाली आणता येतो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये सेटिंग्ज, डिस्प्ले, टच सेन्सिटिव्हिटी असा रस्ता आहे. पिक्सेलच्या नव्या फोनमध्ये ‘स्क्रीन प्रोटेक्टर मोड’ आहे. इतर काही कंपन्या त्यालाच ‘ग्लोव्ह मोड’ म्हणतात. 2012 च्या नोकिया ल्युमिया 920 ने हातमोज्यातून चालणारा टच म्हणून याचीच जाहिरात केली होती. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘टच’ लिहावं. नेरुळमधल्या कॉलेजच्या मुलांना ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हटलं की गेममधले आकडे आठवतात. बोट सरकवल्यावर कॅमेरा किती वळावा याचे ते आकडे. काचेशी त्यांचा संबंध नाही.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर जाड टेम्पर्ड मारून घेतली असेल तर हे सेटिंग जरूर चालू करावं. पावसाळ्यात गळ्यात अडकवलेल्या प्लास्टिकच्या पाऊचसाठीही ते उपयोगी. पण कोपरखैरण्याच्या भर पावसात उघड्या फोनवर तेच सेटिंग उलटतं. उंबरठा खाली आला की बोटाबरोबर पाण्याचे थेंबही आत शिरतात. थेंब जाळीच्या शेजारशेजारच्या रेषा जोडतात आणि फोन स्वतःच कुणाला तरी कॉल लावतो. म्हणून मे महिन्यातलं सेटिंग जुलैत बंद ठेवलेलं बरं. ओला पडदा कोरड्या फडक्याने पुसून एकदा लॉक-अनलॉक केला की चिप बऱ्याचदा कोरड्या काचेचा अंदाज नव्याने घेते.

घरातल्या आजी-आजोबांची अडचण नेमकी उलटी. हात कापतो, बोट रेंगाळतं, एकदा टेकवायचं तिथे दोनदा लागतं, आणि आयकॉन उघडण्याऐवजी थरथरू लागतात. इथे सेन्सिटिव्हिटी वाढवली तर त्रासच वाढेल. त्यांच्यासाठी अँड्रॉइडच्या अ‍ॅक्सेसिबिलिटीमध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ आहे, तो ‘लाँग’ करावा. आयफोनला सेन्सिटिव्हिटीचं वेगळं बटण नाही, पण अ‍ॅक्सेसिबिलिटीतल्या ‘टच’मध्ये ‘टच अ‍ॅकोमोडेशन्स’ आहे. किती वेळ टेकवल्यावर स्पर्श मानायचा आणि लागोपाठचे स्पर्श सोडून द्यायचे का, हे तिथे ठरवता येतं. माझ्या मते या दिवाळीत आजोबांना नवा फोन घेण्याआधी त्यांच्याजवळ बसून एवढं करून द्यावं. अपंगांसाठी म्हणून केलेली ही सोय सगळ्यांच्याच म्हातारपणाला लागू पडते, आणि दुकानदार ती कधी दाखवत नाही.

काही वेळा दोष ना बोटाचा असतो ना सेटिंगचा. फोन चार्जिंगला लावला की अक्षरं आपोआप टाइप होतात, काढला की थांबतात; मग समजावं, चार्जर हलका आहे. त्यातली विजेची खरखर जाळीच्या मोजणीत मिसळते.

दुकानात ‘फोल्डर, म्हणजे टचसकट अख्खा पडदा, गेलाय, बदलावा लागेल’ असं सांगतील. त्याआधी चार्जर काढून आणि टेम्पर्ड सोलून पाहावं. सॅमसंगच्या डायलरवर *#0*# टाइप केलं की तपासणीचा पडदा उघडतो. त्यातल्या ‘टच’मध्ये चौकोनांवरून बोट फिरवायचं, जिथे बोट पोचलं ते रंगतात. इतर अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडावेत आणि ‘पॉइंटर लोकेशन’ चालू करावं. बोटामागून रेघ उमटत जाते. रेघ दरवेळी एकाच पट्ट्यात तुटत असेल तर जाळीच तिथे मेली आहे आणि दुकानदार खरं बोलतोय. मग तिथल्या तिथे भाव विचारावा, आणि नवा फोल्डर बसवल्यावर पैसे देण्याआधी हीच रेघ पडद्याच्या चारही कडांवरून पुन्हा ओढून पाहावी, कारण कॉपी फोल्डरची जाळी बऱ्याचदा कडेलाच लंगडी असते.