तिसरी चढाई

कळमनुरीच्या मैदानांवर संध्याकाळी कबड्डी दिसते, नाहीतर क्रिकेट. रग्बीचा तो लांबुळका चेंडू इथे कुणाच्या हातात मी पाहिलेला नाही. तरीही गेली कित्येक वर्षं रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल हे दोन परके खेळ मी जीव लावून पाहत आलो आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये युरोपातल्या सहा देशांची रग्बी स्पर्धा रात्री जागून पाहायची आणि सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यासाठी सोमवारी पहाटे पाचला उठायचं. दोन्ही खेळ एकाच आईची लेकरं. मग एक बघताना छाती धपापते आणि दुसरा बघताना डोकं चालतं, असं का होतं? या प्रश्नाने मला खूप वाचायला लावलं.

रग्बी शाळेत चेंडू उचलून पळालेल्या वेब एलिसची दंतकथा, १८७१ चा स्कॉटलंड-इंग्लंड सामना, कलकत्त्याच्या क्लबने चांदीचे रुपये वितळवून घडवलेला करंडक, या रग्बीच्या जुन्या गोष्टी आज बाजूला ठेवतो. मला थेट अमेरिकन फुटबॉलचे नियम घडवणाऱ्या वॉल्टर कॅम्पकडे जायचं आहे.

१८७६ मध्ये कॅम्प येल विद्यापीठात शिकायला आला तेव्हा अमेरिकेतली कॉलेजची मुलं जवळजवळ रग्बीच खेळत होती. चेंडूवाला खाली आला की दोन्हीकडचे गडी एकमेकांना रेटणार आणि त्या झोंबाझोंबीतून चेंडू कुणाच्या पायाशी निसटेल याचा भरवसा नाही. कॅम्पला हा बेभरवसा खुपत होता. १८८० मध्ये त्याने नियम बदलून घेतला. चेंडू ज्याच्याकडे, त्याच्याकडेच राहील. खेळ थांबेल, दोन्ही संघ एका रेषेच्या अलीकडे-पलीकडे उभे राहतील आणि चेंडू मागे देऊन डाव पुन्हा सुरू होईल. रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल यांची फारकत झाली ती इथे. हेल्मेट आणि खांद्यावरची कवचं पुष्कळ नंतरची.

पण कॅम्पच्या नियमात एक भोक होतं. चेंडू आपल्याकडेच राहणार असेल तर पुढे जायची गरज काय? १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन भिडले तेव्हा ते भोक सगळ्यांना दिसलं. पहिला अर्धा वेळ प्रिन्स्टनने चेंडू सोडला नाही. दुसरा अर्धा वेळ येलने सोडला नाही. फारच रेटा आला तर आपल्याच गोलरेषेमागे चेंडू टेकवायचा. त्याला शिक्षा नव्हती आणि चेंडू परत आपल्यालाच मिळायचा. निकाल शून्य-शून्य. पैसे मोजून आलेले लोक भडकले, वर्तमानपत्रांनी झोडपून काढलं. नियमात बसवून एवढी मोठी फसवणूक मैदानावर क्वचितच झाली असेल. आणि त्या काळात कॅम्प स्वतः येलकडून खेळत होता.

पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, उपाय आला. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्या. पाच यार्ड मोजायचे कसे, म्हणून मैदानावर आडव्या पांढऱ्या रेघा आखल्या गेल्या. आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड आहेत, पण त्या खेळाचा श्वास अजून याच हिशेबावर चालतो. कॅम्प पुढे न्यू हेवनच्या घड्याळ कंपनीत नोकरीला लागला आणि तिचा अध्यक्ष झाला. हे वाचलं तेव्हा मला जराही नवल वाटलं नाही.

आता कबड्डी पाहणाऱ्याने क्षणभर विचार करावा. आघाडीवर असलेला संघ काय करतो? रिकाम्या चढाया टाकतो. गडी मध्यरेषा ओलांडतो, निदानरेषा जेमतेम पार करतो, तीस सेकंद काढतो आणि परत येतो. प्रिन्स्टनने केलं ते हेच. त्यावर प्रो कबड्डीत आलेला उपाय म्हणजे ‘करो या मरो’. दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण घ्यायचा, नाहीतर बाद व्हायचं. तिथे तीन प्रयत्न, इथे तीन चढाया. मधे सव्वाशेहून अधिक वर्षं गेली, एकाने दुसऱ्याची नक्कल केल्याचं मला कुठे आढळलं नाही, तरी दुखणं एक आणि औषधही एकच. या शोधात मला सापडलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच.

म्हणून माझं ठाम मत असं की, मराठी प्रेक्षकाला रग्बी जवळची वाटते ती अंगाने. उघडं डोकं, मातीत लोळणं, चौघांनी कंबर-मांडी धरून एकाला लोळवणं, हे सगळं आपलंच. पण डोळ्याने आपण अमेरिकन फुटबॉलचे प्रेक्षक आहोत. गावातली रात्रीची कबड्डी आठवा. तिसरी चढाई आली की बांबूच्या कठड्याला रेललेली माणसं सरळ होतात. “बोनस घेतोय बघ,” “कोपरा सांभाळ रे,” असा ज्याचा त्याचा अंदाज सुरू होतो. लाउडस्पीकरवर समालोचक ओरडतो, पकडीवर कुणीतरी शंभराचं बक्षीस लावतो. हा अंदाज बांधायला उसंत लागते, आणि ती दोन चढायांच्या मधे मिळते. अमेरिकन फुटबॉल अशा उसंतीनेच भरलेला आहे. २०१० मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने मोजलं, तेव्हा तीन तासांच्या सामन्यात प्रत्यक्ष चेंडू खेळात असतो तो अवघी अकरा मिनिटं, असं निघालं. लोक या आकड्यावर हसतात. मला तो आकडा त्या खेळाचं रहस्य वाटतो. उरलेला वेळ प्रेक्षक मनातल्या मनात खेळत असतो. जाहिरातींचा भडिमार मात्र असह्य आहे, त्याची तरफदारी मी करणार नाही.

रग्बीत ऐंशी मिनिटांपैकी पस्तीसच्या आसपास मिनिटं चेंडू जिवंत असतो, आणि वेळ संपल्याचा इशारा झाला तरी चेंडू मरेपर्यंत सामना संपत नाही. ते शेवटचे क्षण दुसऱ्या कुठल्या खेळाने मला दिलेले नाहीत. अडचण येते ढिगाऱ्यात. खाली पडलेल्या गड्यावर दोन्हीकडून माणसं कोसळतात, पंच शिट्टी वाजवून हात उंचावतो, आणि नेमकं काय चुकलं हे मैदानाशेजारी बसलेल्यालाही कळत नाही. इंग्लंडमध्ये तर पंचाचं बोलणं ऐकण्यासाठी प्रेक्षक कानात घालायचा छोटा रेडिओ मैदानावर विकत घेतात. अमेरिकन फुटबॉलचा पंच स्वतः माइकवर साऱ्या स्टेडियमला सांगतो: दोष कुणाचा, कसला, शिक्षा किती.

अमेरिकन फुटबॉल आपल्या मातीत आणायचा एक प्रयत्न झाला होता, तो आता फारसा कुणाला आठवत नाही. २०११ मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ची घोषणा झाली. माजी खेळाडू कर्ट वॉर्नर आणि माइक डिटका, अभिनेता मार्क वॉलबर्ग अशी अमेरिकी नावं पाठीशी होती, ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकी संघाकडून खेळलेला भारतीय वंशाचा ब्रँडन चिलारही होता. संघांत ‘पुणे मराठाज’ आणि ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’. रग्बी, कुस्ती, कबड्डी खेळलेली पोरं अंगावर कवचं चढवून उभी राहिली. पण २०१२ चा पहिला हंगाम कोलंबोच्या सुगतदास स्टेडियमवर चित्रित झाला आणि नंतर टीव्हीवर दाखवला गेला. अंतिम सामन्यात पुणे मराठाजने दिल्ली डिफेंडर्सला ६-० ने हरवलं. पुण्याच्या नावाचा संघ अजिंक्य ठरला, आणि पुण्याच्या मैदानात त्याला टाळी वाजवायला माणूस नव्हता! त्या पोरांच्या मेहनतीबद्दल मला आजही हळहळ वाटते. ज्या खेळाचा पायाच भडकलेल्या प्रेक्षकाने रचला, तो प्रेक्षकाला वगळून उभा करायला निघाले होते.

रग्बीवाल्यांनी ही चूक केली नाही. मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर रग्बी पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली, पण ती जिमखान्याची राहिली. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा शहरं-प्रांतांचे संघ, आपले ‘मुंबई ड्रीमर्स’ त्यात, आणि विजेते चेन्नई बुल्स. खेळ सात-सात गड्यांचा. या प्रकारात एरवी सात मिनिटांचे दोन भाग असतात. इथे चार-चार मिनिटांचे चार तुकडे केले. म्हणजे कॅम्पने १८८० मध्ये रग्बी थांबवली तशी अंधेरीत ती पुन्हा थोडी थांबवली गेली. शुद्धतावाद्यांना हे रुचणार नाही. मला त्यात गैर दिसत नाही, कारण त्या विश्रांतीत नव्या प्रेक्षकाला काय घडलं ते समजावून सांगता येतं.

फक्त ते सांगणारा हवा. लीगवाल्यांनी पुढच्या वेळी एखादा सामना मराठवाड्यात परभणी किंवा नांदेडला ठेवावा आणि माइक आमच्याकडच्या कबड्डीच्या समालोचकाकडे द्यावा. ढिगाऱ्यात चेंडू कुणी दाबून धरला, हे तो पंचाच्या शिट्टीआधी सांगेल.