मुद्दल राखणारे गाव

अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेस सुमारे १७ किलोमीटरवर असलेल्या हिवरे बाजारच्या ग्रामसभेत पावसाळा सरला की एक हिशेब मांडला जातो. पाऊस किती पडला, किती वाहून गेला, किती मुरला, माणसांना व गुराढोरांना वर्षभर किती लागेल आणि शेतीसाठी शिल्लक काय उरेल, याचा हा ताळेबंद. शिल्लक तोकडी असेल, तर रब्बीचे क्षेत्र आखडते घेतले जाते. ज्या घराण्यांत दिवाळीला वहीपूजन होते, त्यांना ही रीत परकी वाटू नये. पोपटराव पवार १९८९ मध्ये येथील सरपंच झाले, तेव्हा ते वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर होते, हा योगायोगही ध्यानात घेण्याजोगा आहे.

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यातील घाटघर-रतनवाडी परिसरात, पावसाचे थैमान असते. पूर्वेकडे सरकावे तसा तो विरळ होत जातो. हिवरे बाजारच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण ४०० मिलिमीटर येतो, कित्येकदा त्याहूनही कमी. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे दहा हजार लिटर पाणी जमा झाले. गावाचे क्षेत्र ९७७ हेक्टरांच्या आसपास असल्याने ४०० मिलिमीटरच्या वर्षात ही जमा ३९० कोटी लिटरच्या घरात जाते. रक्कम लहान नव्हे. परंतु डोंगर उघडेबोडके होते, तोवर ती माती बरोबर घेऊन वाहून जाई. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. विहिरी आटल्या, माणसे मजुरीसाठी परगावी गेली आणि मागे राहिलेल्यांत दारू व भांडणे बोकाळली.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या परिचयाचा आहे. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा धडा डोळ्यांसमोर होता. नव्वदच्या दशकात श्रमदान, रोजगार हमी आणि आदर्श गाव योजना यांच्या आधारे डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समपातळी चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पाहुणे येतात, हिरवा डोंगर पाहतात आणि चरांची छायाचित्रे घेऊन परततात.

चर मात्र पैसे असले की कोठेही खोदता येतात. यंत्रबळ उभे करणे समाजालाही अवघड गेलेले नाही. भारतीय जैन संघटनेने २०१८ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात गाळ काढण्यासाठी मोठ्या संख्येने यंत्रे पुरविली, हे सर्वज्ञात आहे. हिवरे बाजारचे खरे बळ त्याने स्वतःला घातलेल्या बंधनांत आहे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीने डोंगर सावरला. शेतीसाठी बोअरवेल घ्यायचे नाही, ऊस आणि केळी लावायची नाही, असे ठरले. याच जिल्ह्याच्या उत्तर भागात कालव्यांच्या पाण्यावर ऊस आणि साखर कारखाने उभे असताना असा निश्चय टिकविणे सोपे नव्हते.

बोअरवेलबंदीमागे खडकाचे गणित आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि भेगांत. साधी विहीर तेवढेच उचलते आणि पुढच्या पावसात पुन्हा भरते. शेकडो फूट खोल गेलेले बोअर खालच्या भेगांतील जुना साठा उपसते आणि पुष्कळदा वरचे पाणीही खाली ओढून घेते. व्यापाराच्या भाषेत सांगायचे, तर विहीर व्याजावर चालते आणि बोअर मुद्दल खाते.

आणखी एक ठराव कमी बोलला जातो: गावाबाहेरच्या माणसाला जमीन विकायची नाही. पाणी आले की जमिनीला भाव येतो आणि भाव आला की गिऱ्हाईक येते. माथ्यावरचा एक तुकडा जरी फार्महाऊससाठी सपाट केला, त्याला कुंपण आणि खोल बोअर आले, तरी वरचे चर बुजतात आणि खालच्या दहा विहिरींचा झरा मंदावतो. पाणलोट अखंड असेल तरच तो पाणलोट.

हे गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न अवघड असला तरी टाळता येणार नाही. शहरालगतच्या आणि महामार्गालगतच्या टेकड्यांवर प्लॉट पाडले जातात, तेव्हा भांडवल बाजारपेठेतूनच येते, आणि बाजारपेठेत जैन पेढ्या थोड्या नाहीत. प्रतिक्रमणात सातव्या व्रताबरोबर श्रावकाला वर्ज्य असलेली पंधरा कर्मादाने म्हटली जातात. त्यांतील चौदावे ‘सर-दह-तलाय-सोसणया’, म्हणजे सरोवर, डोह, तळी सुकविण्याचा व्यवसाय. अप्कायिक जीवांच्या रक्षणासाठी पाणी गाळून पिणाऱ्या आणि जीवाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडणाऱ्या घराने ती विहीरच कोरडी पाडणाऱ्या जमिनीत पैसा गुंतवावा, ही विसंगती जुन्या श्रावकांना तरी खपली नसती.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. कुळकायद्याप्रमाणे शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो; पण पिढ्यान्‌पिढ्या सातबारावर नाव असलेली व्यापारी घराणी या अटीत सहज बसतात. भूजलासाठी राज्याचा २००९ चा अधिनियम आहे. तो अधिसूचित क्षेत्रांत खोल विहिरींवर बंधन घालतो. ग्रामसभेचा जमीन न विकण्याचा ठराव मात्र दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कोणताही खरेदीखताचा दस्त रोखू शकत नाही. हिवरे बाजारमध्ये तो गावकऱ्यांनी एकमेकांना दिलेल्या शब्दावर उभा आहे. असा ठराव नसलेल्या गावात टेकडीचा सौदा ठरतो, तेव्हा इसाराची रक्कम हातात घेऊन बसलेल्या खरेदीदाराला अडविणारे दुसरे कोणी नसते.